अपघातांचे आकडे : अंश कोणता, छेद कोणता?



खानदेशात आणि खानदेशाच्या वाटेवर अलीकडे जे मोठे अपघात झाले, त्यांपैकी चार पुष्कळांच्या स्मरणात असतील. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर यावल तालुक्यात किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसून रावेरकडे निघालेले १५ मजूर ठार झाले. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी एस.टी. बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत कोसळली आणि चालक-वाहकांसह किमान १२ जण दगावले. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातील पळासनेर येथे मुंबई-आग्रा महामार्गावरचा एक कंटेनर वाटेतील वाहनांना ठोकरत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. तेथे किमान १० जण मेले. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ, माहेजी व परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. भयभीत प्रवासी खाली उतरले आणि शेजारच्या रुळांवरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली त्यांतील किमान १२ जण चिरडले गेले.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर आकड्यांची एक फेरी सुरू होते. रेल्वे म्हणते, गाड्यांचे अपघात कमी झाले आहेत. एस.टी. म्हणते, लाख किलोमीटरमागे तिचे अपघात अत्यल्प आहेत. विमानाचा कैवारी म्हणतो, विमानाइतके सुरक्षित साधन नाही. मोटारवाला म्हणतो, दोष वाहनाचा नव्हे, चालकाचा. हे आकडे बहुधा खोटे नसतात. अडचण निराळीच आहे. प्रत्येक जण आपल्या सोयीचा प्रश्न निवडतो, त्याचे खरे उत्तर देतो आणि ऐकणाऱ्याच्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे भासवतो. म्हणून नागरिकाने आकडा मान्य वा अमान्य करण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे तपासले पाहिजे.

सुरक्षिततेचा कोणताही आकडा हा शाळेत शिकवला जातो तसा अपूर्णांक असतो. वर अंश : किती माणसे मेली. खाली छेद : किती प्रवासात, किती अंतरात, किती फेऱ्यांत. अंशात कोणाला धरले आणि छेदात काय घातले, यावर निकाल ठरतो. मृतांची संख्या तीच ठेवून केवळ छेद बदलला, तर धोकादायक साधन सुरक्षित ठरू शकते आणि सुरक्षित साधन धोकादायक.

प्रथम अंश पाहावा. रेल्वेच्या भाषेत ‘गंभीर परिणामांचा गाडी-अपघात’ अशी एक वर्गवारी आहे. टक्कर, रूळ घसरणे, आग, फाटकावरील धडक अशा घटना तीत मोडतात. २०१४-१५ साली असे १३५ अपघात झाले होते. २०२३-२४ साली ४० आणि २०२४-२५ साली ३१ झाले. दर दहा लाख गाडी-किलोमीटरमागे हे प्रमाण २०१४-१५ मधील ०.११ वरून २०२३-२४ मध्ये ०.०३ वर आले. ही घट खरी आहे आणि तिचे श्रेय रूळ, सिग्नल व गाड्यांची निगा राखणाऱ्या कामगारांना व अभियंत्यांना द्यायलाच हवे. मोठ्या मार्गावरील विनापहाऱ्याची सर्व फाटके जानेवारी २०१९ अखेर नाहीशी करण्यात आली, हेही मोठे काम होते.

परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे पुस्तक उघडले, तर निराळे दृश्य दिसते. २०२१ या एका वर्षात रेल्वेशी संबंधित अपघातांत १६,४३१ माणसे मेल्याची नोंद त्यात आहे. यांतील बहुसंख्य माणसे गाडीतून पडून वा रुळांवर गाडीखाली सापडून मेली. गाडी रुळांवरून घसरली नाही, कोणावर आदळली नाही, वेळापत्रकही फारसे बिघडले नाही. म्हणून पहिल्या वर्गवारीत या मृत्यूंना जागा नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ च्या अहवालात रूळ ओलांडताना दरवर्षी सुमारे १५,००० माणसे मरतात असे नमूद केले होते आणि त्याची गणना केवळ ‘अतिक्रमण’ म्हणून करून हात झटकण्याच्या वृत्तीवर कठोर शब्दांत टीका केली होती. दोन्ही सरकारी आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. एक गाडीच्या सुरक्षिततेचा आहे, दुसरा माणसाच्या. पाचोऱ्याजवळच्या घटनेत दोन्ही गाड्या शाबूत राहिल्या आणि माणसे मेली. केवळ गाड्यांची टक्कर व घसरण मोजणाऱ्या मापाला अशी घटना दिसूच शकत नाही.

रस्त्याच्या अंशातही असेच अनेक गाळे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दररोज सुमारे ४६२. एकट्या महाराष्ट्रात हा आकडा १५,२२४ होता. देशभरातील मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे आणि १९.५ टक्के पादचारी होते. ही नोंद पोलिसांच्या कागदांवरून होते. २०१६ सालासाठी सरकारी आकडा १,५०,७८५ असताना जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज २,९९,०९१ होता. अंदाज हा अंदाजच. तथापि सरकारी आकडा आणि तो यांत जवळजवळ दुपटीचे अंतर असावे, ही गोष्ट अंशाबद्दल सावध करण्यास पुरेशी आहे.

त्याच अहवालात कारणांचाही तक्ता असतो आणि त्यात सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर मांडलेले आहेत. ही कारणे प्रायः घटनास्थळी गेलेल्या पोलिसाने भरलेल्या नमुन्यातून येतात. नमुन्यात ‘वेग’ हा रकाना भरणे सोपे असते; उताराची घडण, नसलेला दुभाजक, वस्तीतून गेलेला महामार्ग, सलग सोळा तास चाकामागे बसवलेला चालक यांचा शोध घेणे अवघड असते. पळासनेरच्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. ते ब्रेक तपासण्याची जबाबदारी कोणाची होती, सातपुड्याचा उतार उतरून येणाऱ्या अवजड वाहनांसाठी रस्त्यावर कोणती तरतूद होती, आणि हॉटेल व थांबा त्या वाहतुकीच्या इतक्या निकट का होते, हे तीन प्रश्न कारणांच्या तक्त्यात मावत नाहीत. जो तक्ता फक्त चालकाकडे बोट दाखवतो, तो मालकाला, कंत्राटदाराला आणि खात्याला निर्दोष सोडतो.

आता छेद. दुचाकीचे समर्थन करताना एक युक्तिवाद ऐकू येतो : देशातील नोंदलेल्या वाहनांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश दुचाकी आहेत, आणि मृतांत त्यांचा वाटा मात्र ४४.५ टक्केच, तेव्हा दुचाकी इतरांहून सुरक्षित ठरते. येथे छेदात वाहनांची संख्या घातली आहे. नोंदलेल्या दुचाकींपैकी कित्येक भंगारात गेलेल्या असतात, कित्येक दिवसाकाठी पाच-सात किलोमीटरच धावतात. उलट एस.टी.ची बस दिवसभर रस्त्यावर असते आणि एका वेळी चाळीस-पन्नास माणसे नेते. वाहनांची डोकी मोजून त्यांची तुलना करणे म्हणजे घागर आणि विहीर यांना एकेक नग मानून पाण्याचा हिशेब करणे होय.

एस.टी.चे माप याहून बरे आहे. ती अपघात दर लाख किलोमीटरमागे मोजते. पण हे किलोमीटर वाहनाचे आहेत, प्रवाशाचे नाहीत, आणि या मापात एस.टी.वरच अन्याय होतो. समजा, जळगावहून धुळ्याकडे शंभर किलोमीटरच्या वाटेवर एक बस चाळीस माणसे घेऊन निघाली. तीच माणसे दोघे-दोघे करून वीस मोटारसायकलींवर निघाली, असेही समजावे. माणसांचा प्रवास दोन्हीकडे ४,००० प्रवासी-किलोमीटर. पण वाहनांचा प्रवास बसचा १०० किलोमीटर आणि मोटारसायकलींचा २,०००. आता दोन्ही साधनांत वाहन-किलोमीटरमागे स्वार वा प्रवासी मरण्याचे प्रमाण अगदी समान निघाले, असे क्षणभर धरले, तरी प्रत्येक प्रवाशामागे मोटारसायकलीचा धोका वीसपट पडतो. एस.टी.चा अपघात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो, कारण एका घटनेत बारा माणसे मरतात. मोटारसायकलीवरचे बारा जण बारा ठिकाणी, बारा दिवशी मरतात आणि आतल्या पानावरील चार ओळींत संपतात. बातमीचा आकार आणि धोक्याचा आकार यांचा मेळ बसत नाही.

तथापि एस.टी.च्या कैवाऱ्यानेही येथे थांबू नये. बसमधले प्रवासी सुरक्षित राहिले, तरी बसच्या धडकेने बाहेरचा सायकलस्वार किंवा पादचारी मरू शकतो. म्हणून साधनाचा धोका दोन अंगांनी मोजावा लागतो : आत बसलेल्याला किती आणि बाहेरच्याला किती. मृत कोण आणि धडक देणारे वाहन कोणते, असा दुहेरी तक्ता मंत्रालयाच्या अहवालात असतो; पण भाषणांत तो क्वचित येतो. जड मोटारीची जाहिरात आतल्या कुटुंबाच्या सुरक्षिततेची हमी देते. तिच्या समोर येणाऱ्या सायकलस्वाराचा त्या जाहिरातीत उल्लेख नसतो.

विमानाच्या बाबतीत छेदाची हीच करामत आणखी ठळक दिसते. किलोमीटरमागे मोजले, तर विमान निःसंशय फार सुरक्षित आहे. परंतु विमानाचा धोका मुख्यतः उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी असतो. हजारो किलोमीटरचे आकाश छेद फुगवते, धोका मात्र त्या प्रमाणात वाढवत नाही. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि जमिनीवरील माणसे धरून २६० जणांचा बळी गेला. ते विमान लंडनऐवजी जळगावला निघाले असते, तरी उड्डाणाचा धोका तेवढाच राहिला असता. छेद मात्र काहीशे किलोमीटरांचाच झाला असता. म्हणून जळगाव-मुंबईसारख्या जवळच्या प्रवासात विमान व रेल्वे यांची तुलना दर फेरीमागे केली पाहिजे. तशा तुलनेतही विमान चांगलेच ठरेल. परंतु किलोमीटरच्या मापाने दिसणारे त्याचे प्रचंड आधिक्य बरेच ओसरेल.

महामार्गांविषयी दोन्ही बाजूंनी असाच गोंधळ घातला जातो. देशातील एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्ग सुमारे दोन टक्के. २०२२ साली मृत्यूंत त्यांचा वाटा ३६.२ टक्के. या दोन आकड्यांवरून महामार्ग अठरापट घातक ठरवता येतात. त्यावर खात्याचे उत्तर असे की, देशातील सुमारे ४० टक्के वाहतूक याच रस्त्यांवरून होते, तेव्हा वाहतुकीच्या मानाने ते मुळीच अधिक घातक नाहीत. दोघांचेही गणित बरोबर आहे. ट्रकमालकाला वाहतुकीचे माप उचित वाटेल. पण जळगाव शहराच्या पोटातून सुरत-नागपूर महामार्ग गेला आहे. अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक येथे रोज रस्ता ओलांडणाऱ्या विद्यार्थिनीला त्या मापाचा काय उपयोग? रस्त्यावरून रोज किती हजार टन माल जातो, याने तिचा धोका कमी होत नाही, वाढतो. तिच्या दृष्टीने उचित माप म्हणजे ओलांडण्याच्या दर खेपेमागचा धोका. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी जे आंदोलन केले, त्यात प्रश्न याच मापाचा होता, जरी तो शब्द कोणी उच्चारला नसला तरी. छेद निवडणे हे तटस्थ गणित नव्हे. कोणाच्या जागी उभे राहून पाहायचे, याचा तो निर्णय असतो.

लहान संख्यांचा मोह हा आणखी एक धोका. एखाद्या विभागात वर्षभर प्राणांतिक अपघात झाला नाही, की सत्काराचे हार येतात. पुढच्या वर्षी एक बस दरीत गेली, की तोच विभाग नालायक ठरतो. दोन्ही निष्कर्ष घाईचे. संख्याशास्त्रात एक साधा ठोकताळा आहे : एखादी घटना तीन हजार खेपांत एकदाही घडली नाही, तरी तिचे खरे प्रमाण हजारात एक इतके असू शकते, ही शक्यता खात्रीने नाकारता येत नाही. २०२१ ते २०२४ या चार वर्षांत भारतातील नियमित प्रवासी विमानसेवांत विमान कोसळून एकही प्रवासी मेला नाही. त्यावरून धोका शून्य झाला, असे म्हणणाऱ्याला अहमदाबादने उत्तर दिले. आणि अहमदाबादनंतर विमान हेच सर्वांत घातक, असे म्हणणाराही तितकाच चुकतो.

कधी कधी अंश घटतो, पण त्याचे कारण छेदात असते. २०१९ साली रेल्वेशी संबंधित मृत्यू २४ हजारांवर होते. २०२० साली ते सुमारे १२ हजारांवर आले. सुरक्षितता एका वर्षात दुप्पट झाली नव्हती. टाळेबंदीमुळे गाड्याच थांबल्या होत्या. याच टाळेबंदीत पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी थांबली आणि त्या जुन्या रुळांवर पुन्हा धावली नाही. त्या मार्गावरील रेल्वे अपघातांची संख्या अर्थातच शून्य झाली. पण शेंदुर्णी-पहूरच्या माणसांचे पाचोऱ्याला जाणे थांबले नाही. ती रस्त्यावर आली आणि तिथला धोका दुसऱ्या खात्याच्या वहीत गेला.

येथे अमेरिकेचा एक अनुभव उपयोगी पडतो. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अनेक अमेरिकनांनी भीतीपोटी विमान सोडून मोटारीने जाणे पसंत केले. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या हिशेबाप्रमाणे पुढील बारा महिन्यांत त्यामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० माणसे अधिक मेली. प्रवासाचे एक साधन बंद पडले वा दुरावले, की माणूस घरी बसत नाही, दुसरे साधन धरतो. हे त्या हिशेबाचे मर्म. २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप लांबला, तेव्हा खानदेशातील खेडुतांना काळी-पिवळी, मोटारसायकल आणि मालाचा टेम्पो यांवाचून गती उरली नाही. त्या काळात एस.टी.चे अपघात घटले असणार, हे सांगायला संख्याशास्त्रज्ञ नको. संपाचे वा एखादी फेरी बंद करण्याचे खरे मोल काढायचे, तर बंद झालेल्या फेरीतील प्रवासी कशावर चढले आणि तेथे त्यांचे काय झाले, हे मोजले पाहिजे. ‘तोट्यातील फेरी बंद’ या हिशेबात ही रक्कम कोणीही धरत नाही.

साधनांच्या सर्व तुलनांत एक गृहीत दडलेले असते : प्रवाशाला निवड आहे. इंदूर ते धुळे या सातपुडा ओलांडणाऱ्या वाटेवर रेल्वे बसहून सुरक्षित आहे, हे सांगून काय साधणार? तेथे रेल्वे नाही. धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. तोवर नर्मदेच्या पुलावरून येणाऱ्या प्रवाशाला तुलनेच्या तक्त्याचा आधार नव्हता.

आणि किनगावचे मजूर? ते मालवाहू ट्रकवर होते. मालवाहतुकीची सुरक्षितता टनाच्या आणि किलोमीटरच्या हिशेबाने मोजतात. छेदात पपईचे वजन असते, मजुरांचा प्रवास नसतो. प्रवासी वाहतुकीच्या छेदातही तो नसतो, कारण कायद्याच्या दृष्टीने ट्रकवर प्रवासी नसतातच. मेल्यावर तेवढी त्यांची नोंद अंशात होते. हा प्रश्न केवळ तक्त्याचा नाही. मालवाहू वाहनातील मालाचा मालक वा त्याचा प्रतिनिधी यांना १९९४ च्या दुरुस्तीने विम्याचे संरक्षण मिळाले. परंतु इतर प्रवाशांची सक्तीची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ साली ठरवले. त्यामुळे असा मजूर मेला, की तो नोकर होता की फुकट बसलेला प्रवासी, ट्रकमालकाचा माणूस होता की व्यापाऱ्याचा, असा वाद त्याच्या विधवेला लढावा लागतो. आकड्यांच्या ज्या गाळ्यात माणूस बसत नाही, तिथेच त्याची भरपाईही अडते.

केळी, पपई आणि कापूस यांच्या हंगामात खानदेशातील हजारो मजूर असेच मालावर बसून रात्री-अपरात्री प्रवास करतात. त्यांनी हे साधन सुरक्षिततेची तुलना करून निवडलेले नाही. पहाटे शेतावर आणि रात्री गावी पोचवणारी बस नाही, आणि मजुरीतून भाडे वजा करून देणारा मालकही नाही. या प्रवासाची मोजणीच होत नाही, म्हणून त्याचा धोका किती, हे कोणी सांगू शकत नाही. आणि कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर तरतूद होत नाही.

तेव्हा मागणी काय असावी? जिल्हा रस्ता सुरक्षा समित्यांनी धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत दरवर्षी एक साधा तक्ता प्रसिद्ध करावा. त्यात मृत व्यक्ती कशातून वा कशी जात होती, तिला धडक कोणत्या वाहनाची बसली आणि घटना कोणत्या ठिकाणी घडली, हे असावे. मालवाहू वाहनांवरील माणसांचा रकाना स्वतंत्र असावा. लोहमार्ग पोलिसांकडील रुळांवरच्या मृत्यूंची स्थानकवार नोंद त्याच तक्त्याशेजारी यावी, म्हणजे पादचारी पूल कोठे हवा, हे वेगळे सांगावे लागणार नाही. एस.टी.ने आपले माप प्रवासी-किलोमीटरमागेही द्यावे. त्यात तिचाच लाभ आहे. एखादी फेरी बंद करण्यापूर्वी तीतील प्रवासी कशाने जातील, याचा लेखी अंदाज ग्रामपंचायतीपुढे ठेवावा. आणि हंगामात मजुरांची ने-आण करणाऱ्या मालकावर व व्यापाऱ्यावर प्रवासी वाहनाची व विम्याची सक्ती असावी. यांतील एकाही गोष्टीसाठी नवे शास्त्र लागत नाही. बहुतेक कागद पोलीस ठाण्यांत, आगारांत आणि स्थानकांत आजही पडून आहेत. ते एकत्र मांडण्याचा आग्रह धरणारे नागरिक हवे आहेत.

पुढच्या वेळी कोणी सभेत वा विधिमंडळात अमुक साधन सुरक्षित आहे असा आकडा फेकला, तर त्याला तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. अंशात कोण आहे आणि कोण गळले आहे? छेद कोणाच्या दृष्टीने निवडला आहे? आणि ज्याला हा आकडा ऐकवला जात आहे, त्याच्यापुढे दुसरे साधन खरोखर आहे काय? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आभोड्याच्या शाळेत अपूर्णांक शिकणारा मुलगाही ते विचारू शकेल, आणि उत्तर मिळवण्याचा त्याचा हक्क कोणाहून कमी नाही.